दातातले सिमेंट आणि लाळेचा पापुद्रा

सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर काय काय करतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी शेजारी उभे राहून पाहिलेले असते. हवा भरलेली ट्यूब तो घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो. बुडबुडे जिथून येतात तिथे खूण करतो, ती जागा फडक्याने कोरडी पुसतो आणि कानशीने किंवा पॉलिशपेपरने खरवडतो. खरवडल्यावर उरलेली रबराची भुकटी झटकतो. मग सोल्युशनचा पातळ हात देतो, ते थोडे सुकू देतो आणि शेवटी ठिगळ दाबून बसवतो. या साऱ्या वेळात खरवडलेल्या जागेला तो बोट लागू देत नाही. घाईत कोणी ओल्या किंवा तेलकट ट्यूबवरच ठिगळ चिकटवले, तर दोन दिवसांत ते सुटून येते. त्यात दोष ठिगळाचा नसतो आणि सोल्युशनचाही नसतो.

किडलेल्या दातात दाताच्याच रंगाचे सिमेंट भरताना दंतवैद्य जवळजवळ याच क्रमाने काम करतात. कीड कोरून काढणे, पृष्ठभाग खरबरीत करणे, धुणे, सुकवणे, पातळ आसंजक लावणे आणि शेवटी भरण. फरक एवढाच, की हे काम तोंडात करायचे असते. तिथे दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते, जीभ सतत चाळवत असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर दमट हवा बाहेर पडते. दंतवैद्यांचा छोटा आरसा तोंडात जाताच धुरकट होतो, तो या दमटपणामुळेच. अशा ठिकाणी ‘ठिगळ’ वर्षानुवर्षे टिकवायचे असेल, तर पृष्ठभागाची स्वच्छता हाच कळीचा मुद्दा ठरतो. तो का, हे या लेखात पाहू.

चिकटणे म्हणजे काय?

दोन वस्तू एकमेकींना चिकटतात, तेव्हा त्यांच्या पृष्ठभागांवरील रेणूंमध्ये आकर्षण निर्माण झालेले असते. हे आकर्षण फार जवळच्या अंतरावरच काम करते. एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढे अंतर पडले तरी ते क्षीण होते. काचेचे दोन गुळगुळीत तुकडे एकमेकांवर ठेवले तर ते चिकटत नाहीत, कारण डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग रेणूंच्या मापाने डोंगरदऱ्यांसारखे असतात आणि फक्त काही शिखरेच एकमेकांना टेकतात. म्हणून आपण द्रवरूप आसंजक वापरतो. द्रव दऱ्यांमध्ये शिरतो, सर्वत्र टेकतो आणि मग घट्ट होतो.

त्यासाठी आधी द्रव पृष्ठभागावर पसरला पाहिजे. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब सपाट पसरतो, तेलाचे बोट फिरवलेल्या काचेवर तो फुगीर होऊन बसतो. थेंबाच्या कडेला द्रव आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये जो कोन होतो, त्याला संपर्क कोन म्हणतात. कोन जितका लहान, तितका द्रव चांगला पसरलेला असतो. ज्या पृष्ठभागाची पृष्ठऊर्जा जास्त, त्यावर द्रव चांगला पसरतो.

इथेच एक अडचण आहे. जास्त ऊर्जेचा स्वच्छ पृष्ठभाग आसंजकाला जसा जवळ ओढतो, तसाच तो वाफ, तेल, प्रथिने अशा मिळेल त्या पदार्थालाही ओढतो. म्हणजे चिकटवण्यासाठी पृष्ठभाग जितका चांगला तयार करावा, तितका तो लवकर मलिन होतो. आसंजक शेवटी चिकटतो तो जो पदार्थ प्रत्यक्ष वर असेल त्यालाच. दातावर लाळेचा पापुद्रा असेल, तर सिमेंट पापुद्र्याला चिकटते, दाताला नव्हे.

गाडग्यासारख्या खड्ड्यापासून आम्लापर्यंत

पूर्वी दातात ‘चांदी’ भरत. ही चांदी म्हणजे पारा आणि चांदी, कथील, तांबे इत्यादी धातूंचे मिश्रण. ती दाताला चिकटत नाही. म्हणून दातातला खड्डा गाडग्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागे. भरण घट्ट झाले की आतच अडकून राही. त्यासाठी दाताचा बराचसा निरोगी भागही खरवडावा लागे. या भरणालाही ओलावा चालत नसे. मिश्रणात जस्त असेल आणि भरताना त्यात पाण्याचा अंश मिसळला, तर जस्त व पाणी यांच्या अभिक्रियेने हायड्रोजन वायू तयार होई आणि काही दिवसांनी भरण फुगत असे. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे आता चांदीचा वापर कमी होत आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, तो थांबवला आहे. त्यामुळे चिकटणाऱ्या भरणांवरची आपली भिस्त वाढत चालली आहे.

या भरणांची सुरुवात १९५५ साली झाली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे काम करणारे दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांच्या लक्षात आले, की कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्लाची प्रक्रिया करतात. दातावरही असे करून पाहावे, असे त्यांना वाटले. त्यांनी ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट दातावर ठेवले, धुऊन टाकले आणि त्या जागी अ‍ॅक्रिलिक रेझिनचे ठिपके चिकटवले. आम्ल न लावलेल्या दातांवरचे ठिपके लवकर निघून गेले. आम्ल लावलेल्या दातांवरचे कितीतरी अधिक काळ टिकले.

असे का झाले? दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल किंवा दंतवल्क. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाचा असतो. हे खनिज सुमारे पाच मायक्रॉन जाडीच्या दांड्यांच्या रूपात रचलेले असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आम्लाने या दांड्यांचे काही भाग जास्त विरघळतात, काही कमी. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागाला मधाच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रे पडतात. आम्लाबरोबर वरचा मळका थरही निघून जातो आणि पृष्ठऊर्जा वाढते. पातळ रेझिन या छिद्रांत शिरून घट्ट होते आणि त्याची असंख्य सूक्ष्म मुळे दातात रुतून बसतात. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की तिथली चकाकी जाऊन पांढुरका, खरबरीत डाग पडतो. दातावर आम्ल लावून धुऊन सुकवले की एनॅमल अगदी असेच खडूसारखे पांढरे दिसते. दंतवैद्य ही खूण पाहूनच पुढे जातात. आज यासाठी साधारण ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात.

१९६२ साली राफेल बोवेन यांनी पेटंट घेतलेल्या नव्या रेझिनमुळे बारीक काचेचे किंवा सिलिकाचे कण मिसळलेली मजबूत भरणे शक्य झाली. त्यांनाच आपण कॉम्पोझिट म्हणतो. निळ्या प्रकाशाने ती घट्ट करतात, तेव्हा बहुधा कॅम्फरक्विनोन हे कापराशी नाते असलेले पिवळे संयुग प्रकाश शोषून मुक्त मूलके निर्माण करण्यास मदत करते. या मूलकांमुळे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक बनते.

आतल्या थराची गोष्ट वेगळी

एनॅमलच्या आत दंतिन असते. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन, आणि १० टक्के पाणी असते. त्यातून हजारो सूक्ष्म नलिका दाताच्या मगजापर्यंत जातात. एनॅमलजवळ दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०,००० तर मगजाजवळ सुमारे ४५,००० नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. म्हणजे दंतिन आतूनच ओले असते.

दाताला कोरताना आणखी एक मळ तयार होतो. कोरण्याच्या यंत्राने निघालेली खनिजाची व कोलॅजेनची भुकटी पृष्ठभागावर चोपडली जाते आणि एक-दोन मायक्रॉनचा थर बनतो. पंक्चरवाला झटकतो त्या रबराच्या भुकटीसारखाच हा थर आहे, पण तो पाण्याने धुऊन जात नाही. आम्लाने तो काढावा लागतो किंवा आम्लधर्मी आसंजकाने त्यातून वाट काढावी लागते.

आम्लाने दंतिनातले वरवरचे खनिज गेले की मागे कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे उरते. या जाळ्यात रेझिन झिरपून घट्ट झाले, की दात व रेझिन यांचा एक मिश्र थर बनतो. १९८२ साली जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी तो दाखवून दिला. मात्र दंतिन फार वाळवले तर तंतूंचे जाळे ओल्या स्पंजसारखे वाळून चपटे होते आणि रेझिनला आत जायला वाट राहत नाही. म्हणून आम्ल लावलेल्या एनॅमलला कोरडेपणा हवा असतो, तर दंतिनात किंचित ओल ठेवावी लागते. ही ओल स्वच्छ पाण्याची हवी, लाळेची नव्हे. कोरडे आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण इथे त्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

लाळेचा पापुद्रा

लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, विकरे आणि शर्करायुक्त प्रथिने असतात. ही प्रथिने दाताच्या खनिजाला चटकन चिकटतात. दात घासून तोंड धुतल्यावरही काही सेकंदांतच दातांवर हा पापुद्रा बनू लागतो. पहिल्या काही मिनिटांत त्याची जाडी १०-२० नॅनोमीटर असते. माणसाचा केस याहून काही हजार पट जाड असतो. एरवी हा पापुद्रा उपकारक आहे. दातांना तो वंगणासारखा उपयोगी पडतो आणि आम्लांपासून काही प्रमाणात वाचवतो.

पण आम्लाने तयार केलेल्या, रेझिनची वाट पाहणाऱ्या दातावर हाच पापुद्रा आला की काम बिघडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की आम्ल लावलेल्या एनॅमलचा लाळेशी अगदी क्षणभर संपर्क आला तरी छिद्रांवर सेंद्रिय थर बसतो आणि तो नुसत्या पाण्याने पूर्णपणे जात नाही. हवेच्या फवाऱ्याने लाळ वाळवली तर आणखी वाईट. दुधाचा पेला न विसळता तसाच वाळू दिला तर काय होते, ते आठवावे. पाणी उडून जाते आणि दुधातली प्रथिने काचेला घट्ट धरून बसतात. तसे वाळवलेल्या लाळेतले ९९ टक्के निघून जाते आणि उपद्रवी एक टक्का मागे राहतो.

हिरडीतून येणारे रक्तही असेच. त्यात प्रथिने लाळेहून कितीतरी जास्त असतात आणि ते गोठते. हवेच्या नळीतून दातावर हवा मारतात, तिच्याबरोबर कॉम्प्रेसरचे किंवा यंत्रातल्या वंगणाचे बारीक तुषार आले तर तेलाचा थर बसतो. म्हणून चांगल्या दवाखान्यात हवा गाळून घेतात.

काही मळ मात्र वेगळ्या मार्गाने काम बिघडवतात. लवंगेच्या तेलातले युजेनॉल हे त्यांपैकी एक. दातातली ठणक शमवण्यासाठी आपण घरोघरी लवंगेचे तेल वापरतो आणि काही तात्पुरत्या भरणांतही झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल असते. युजेनॉल हे फिनॉल गटाचे संयुग आहे. त्याच्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन मुक्त मूलकाला सहज दिला जातो आणि मूलक निष्क्रिय होते. ज्या मूलकांमुळे रेझिन घट्ट व्हायचे तीच अशी खर्ची पडली, तर त्या जागचे रेझिन अर्धवट मऊ राहू शकते. दात पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले असेल, तर दातात रेंगाळणारा ऑक्सिजनही घट्ट होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. म्हणून त्यानंतर एक-दोन आठवडे थांबून मग भरण करतात.

सुटलेल्या सांध्याची किंमत

स्वच्छ, आम्ल लावलेल्या एनॅमलवर रेझिनची पकड साधारण २० मेगापास्कल असते. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. तीन मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद एवढ्या जागेवरचा ठिपका उपटायला १८० न्यूटन, म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅम वजनाएवढे बल लागेल. पृष्ठभागाला लाळ किंवा रक्त लागले की ही पकड प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आल्याची उदाहरणे आहेत. घट नेमकी किती, हे आसंजकाच्या जातीवर आणि लाळ कोणत्या टप्प्यावर लागली यावर अवलंबून असते. नव्या आसंजकांपैकी काही ओलावा बऱ्यापैकी सहन करतात, तरी मळ कोणालाच मानवत नाही.

कमकुवत भरण लगेच गळून पडले असते, तर एका परीने बरे झाले असते. पण बहुधा तसे होत नाही. रेझिन घट्ट होताना आकारमानाने सुमारे दोन-तीन टक्के आकसते आणि दाताच्या भिंतींपासून दूर ओढले जाते. पकड चांगली असेल तर ती हा ताण सोसते. जिथे पापुद्रा आहे तिथे सांधा उघडतो. फट काही मायक्रॉनची असते आणि डोळ्यांना दिसत नाही. तोंडातले जीवाणू साधारण एक मायक्रॉनचे असतात, त्यांना तो हमरस्ताच. थंड पाण्याने कळ येते, भरणाच्या कडेला काळपट रेघ दिसते आणि खाली पुन्हा कीड लागते. दुसऱ्या वेळी खड्डा पहिल्यापेक्षा मोठा कोरावा लागतो, तिसऱ्या वेळी त्याहून मोठा. एनॅमल पुन्हा वाढत नाही. काही सेकंदांच्या ओलाव्याची किंमत अशी दात हप्त्याहप्त्याने चुकवत राहतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे. सहा-सात वर्षांच्या वयात पहिली कायमची दाढ येते. तिच्या खोल खाचांत कीड लवकर लागते, म्हणून त्या खाचा रेझिनने बुजवण्याची पद्धत आहे. १९६७ साली क्युएटो आणि बुओनोकोर यांनी तिचा पुरस्कार केला. पण नुकत्याच डोकावणाऱ्या दाढेच्या कडेवर हिरडीची झालर असते आणि पहिली-दुसरीतले मूल फार वेळ तोंड उघडे ठेवत नाही. ज्या दाढेला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तीच कोरडी ठेवणे सर्वांत कठीण.

मग करतात काय?

सर्वांत जुना उपाय आजही उत्तम आहे. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली रबराच्या पातळ चादरीला भोक पाडून त्यातून दात वर काढला आणि बाकीचे तोंड चादरीखाली झाकले. याला रबर डॅम म्हणतात. तो नसेल तेथे कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी नळी यांवर भागवतात.

आम्ल धुतल्यावर लाळ लागलीच, तर नुसते पुसून पुढे न जाता दात धुऊन पुन्हा काही सेकंद आम्ल लावतात. पापुद्रा त्याबरोबर निघून जातो. आसंजक घट्ट झाल्यावर लाळ लागली असेल, तर धुऊन, सुकवून आसंजकाचा नवा हात देतात.

जिथे कोरडेपणा राखणे शक्यच नाही, तिथे वेगळा पदार्थ निवडतात. इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी विकसित करून १९७२ साली मांडलेले ग्लास आयोनोमर सिमेंट हे पाण्याच्याच आधाराने घट्ट होते. त्यातले कार्बॉक्सिल गट दातातल्या कॅल्शियमशी थेट बंध जोडतात. कॉम्पोझिटच्या मानाने ते कमी मजबूत असते, पण ओलावा अधिक सोसते. वीज व यंत्रे नसलेल्या ठिकाणी हातातल्या हत्यारांनी कीड काढून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. शाळेच्या आवारात उपचार करायचे असतील तेव्हा ती उपयोगी पडते. लाळ व रक्त पुसून घेण्याची गरज मात्र याही सिमेंटला असते.

रुग्णाचाही यात वाटा आहे. ‘आता तोंड मिटू नका’ असे दंतवैद्य म्हणतात तो क्षण बहुधा आम्ल धुऊन आसंजक लावण्याच्या मधला असतो. तेव्हा जीभ तिकडे नेऊ नये. अगदीच राहवेना तर हात वर करावा. दाताला लवंगेचे तेल लावले असेल तर ते आधी सांगावे. शाळेत शिबिर असेल तर लहान मुलांना हे अगोदर समजावून सांगणारे शिक्षक दंतवैद्यांना फार मोठी मदत करतात.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग काचेचा. काचेचे दोन तुकडे साबणाने स्वच्छ धुऊन भरपूर पाण्याने विसळा व वाळवा. एकावर डोक्याला लावायच्या तेलाचे बोट फिरवून ते फडक्याने पुसून टाका. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बाजूने पाहा आणि थेंबांच्या आकृत्या काढा. पुसल्यावर काच स्वच्छ दिसत होती. मग थेंबाला फरक कसा कळला?

दुसरा प्रयोग खडूचा. फळ्यावरचे दोन खडू घ्या. एकाला खोबरेल तेल चोळून मुरू द्या व वरचे तेल पुसा. दोन्हींवर शाईचा थेंब टाका. कोरड्या खडूत तो चटकन शोषला जातो, तेलकट खडूवर तसाच राहतो. छिद्रे दोन्ही खडूंत आहेत, पण एकातली आधीच भरलेली आहेत.

तिसरा प्रयोग फरशीचा. गुळगुळीत शहाबादी फरशीच्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर मेणबत्तीचे मेण घासा. सगळ्या तुकड्यावर लिंबाचा रस दहा मिनिटे ठेवून धुवा, वाळवा, मेण खरवडून काढा आणि दोन्ही भागांवर पेन्सिल ओढून पाहा. पेन्सिल कुठे उमटते आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

शेवटी त्यांना पंक्चरच्या दुकानात पाठवा आणि कारागिराच्या कृतींचा क्रम लिहून आणायला सांगा. प्रत्येक कृतीसमोर दंतवैद्यांची कोणती कृती येते आणि ती गाळली तर काय होईल, हे त्यांनी लिहावे. आसंजन, पृष्ठऊर्जा आणि प्रथिनांचा पापुद्रा हे शब्द त्यानंतर शिकवले, तर ते विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसतील. कारण तोवर त्यांच्या मनाची भूमी तयार झालेली असेल.